रविवारची गोळी

फुआतिनोला सोमवारचा वीट आला होता. सवाई बेटावरच्या त्या छोट्या दवाखान्यात ती एकटीच नर्स, आणि दर सोमवारी गावच्या सगळ्या म्हाताऱ्या सुजलेले पाय घेऊन ओट्यावर हजर. पायावर अंगठ्याने दाबलं की शिजलेल्या अळकुडीत पडावा तसा खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा.

कारण एकच. हृदय थकलं की अंगात पाणी साठतं, ते लघवीवाटे काढायला रोज सकाळी एक गोळी. ती घेतली की पुढचे काही तास सारखं उठावं लागतं. आणि रविवारी उठायची सोय नव्हती. संडास मैदानापलीकडे, प्रार्थना दोन तासांची, आणि मध्येच कोणी उठलं तर पाद्री इओपु प्रवचन थांबवायचा. म्हणायचा, "थांबू या. बाईंना देवापेक्षा घाईचं काम आहे." मग सगळी मंडळी माना वळवून त्या बाईला दारापर्यंत पोचवायची. कोण मरायला गोळी घेतंय? दुपारी घ्या म्हणावं तर तीनला पुन्हा चर्च. वर जेवायला खारवलेलं मांस, म्हणजे सुजेला आवतणच.

फुआतिनोची सख्खी मावशी सिनिवा म्हणजे तर कहर. रविवारची बुडवलेली गोळी ती सोमवारी भरून काढायची, दोन-दोन एकदम. गेल्या सोमवारी नळाशी चक्कर येऊन पडली, कपाळ फुटलं. डॉक्टरांनी बजावलं की चुकली ती चुकली, दुप्पट घ्यायची नाही. आणि दर रविवारी अशीच बुडवत राहिली तर बाई पुढचा नाताळ बघत नाही.

फुआतिनो पाद्रीकडे गेली. म्हाताऱ्यांना दाराशी बसू द्या, उठल्या तर बोलू नका, एवढंच मागणं. तो वारा घेत म्हणाला, दोन तास देह आवरता येत नाही ती भक्ती कसली. तिला शिसारी आली. कारण तीच गोळी त्यालाही चालू होती, दर महिन्याला फुआतिनोच ती त्याच्या हातात ठेवत होती. पण रोग्याची गोष्ट बाहेर काढायची नाही, म्हणून ती मूग गिळून परत आली.

त्या रविवारी तिने मावशीला समोर बसवून गोळी घ्यायला लावली. उठायचं झालं तर दोघी उठू म्हणाली. सिनिवाचं घराणं मानाचं, बाक अगदी पुढचं. बायबल वाचून झालं आणि मावशीने तिचं मनगट आवळलं. दोघी उठल्या. पाद्रीने पुस्तक मिटून तेच वाक्य म्हटलं. सिनिवा मटकन खाली बसली, आणि पांढऱ्या पोशाखातून चटईवर ओघळ आला. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

फुआतिनोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागचं दार लांब होतं. तिने मावशीला धरलं आणि थेट व्यासपीठामागच्या पाद्रीच्या खोलीत नेऊन आतून कडी घातली. बाहेर पाद्रीने घाईघाईने ते पाच कडव्यांचं गाणं सुरू करून दिलं. ते दर रविवारी याच वेळी व्हायचं, आणि तेवढ्यात पाद्री आत जाऊन एकांतात प्रार्थना करतो असं गाव समजत होतं.

आत स्वच्छ संडास होता, साबण, गुलाबी टॉवेल. खिडकीत पाण्याचा पेला आणि गोळ्यांचं पाकीट. सिनिवाने रडतरडत पाय धुतले, मग पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"ही माझीच गोळी ना गं?"

फुआतिनोने पाकीट तिच्या हातातून घेऊन परत खिडकीत ठेवलं.

"म्हणजे बाहेर आपण घसा फोडायचा, आणि हा इथे..." सिनिवाचं रडं थांबलं. तोंड कडू झाल्यासारखा तिचा चेहरा झाला.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेर चौथं कडवं चाललं होतं. पाद्री हलक्या आवाजात म्हणत होता, जरा लवकर आटपा. मग पुन्हा टकटक, या वेळी जोरात.

सिनिवाने टॉवेल उचलला, स्टुलावर बसली आणि पहिल्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "थांबा पाद्रीबाबा. देवापेक्षा घाईचं काम आहे का?"

बाहेर पाचवं कडवं संपलं. कडी तशीच ठेवून ती एकेक बोट सावकाश पुसत राहिली.