दोघींचाच खेळ

शांभवीने 'खोली बंद करा' या बटणावर बाण नेऊन ठेवला आणि माऊसवर बोट तसंच धरून बसली.

पडद्यावर दोन खाणकामगार धावत होते. निळ्या टोपीचा मुबशिराचा. लाल टोपीचा दर गुरुवारी शांभवीचा असायचा. गेल्या गुरुवारपासून तो जुलेखाचा झाला होता. खेळात जागा दोघांनाच. तिसऱ्याला नुसतं बघता येतं, आणि शांभवी न सांगता आत येऊन बघत होती.

खेळाची ही ऑनलाइन खोली तिनेच तर बांधली होती. लहानपणी मुबशिराच्या घरी टीव्हीला जोडून खेळायचा हा कॅसेटचा खेळ आता संगणकावर चालतो, तिला कसबा बावड्यात आणि मुबशिराला जयसिंगपुरात बसून तो एकत्र खेळता येतो, हे तिनेच शोधलं. दोघींकडे जुना खेळ संगणकावर चालवणारा एम्युलेटर एकाच आवृत्तीचा हवा, खेळाची फाईल हुबेहूब तीच हवी, नाहीतर जोडणीच होत नाही. लग्नपत्रिका बनवायची कामं बाजूला सारून तिने फोनवरून मुबशिराला एकेक बटण दाबायला लावलं होतं. पहिल्यांदा दोन्ही टोप्या एकदम हलल्या, तेव्हा मुबशिरा किंचाळलीच होती.

"शांभे, हलला की गं माझा!"

आणि पूर्वीसारखीच दरीवरच्या फळ्यांवरून खाली गेली होती.

"आंधळी हाईस काय? उडी मार म्हटलं की मारायची!"

"वढ की मला वर! बोलतीस काय नुसती!"

शांभवीने दोर टाकून तिला वर ओढलं. दुपारभर ओढत राहिली. किती वर्षांनी ती इतकी हसली होती.

मग मुबशिरा म्हणाली, "आमच्या जुलेखा आपाला पण जोडून दे की. नवरा गेल्यापासनं इचलकरंजीत घरातच हाय गं. कुणाशी बोलंना, जेवंना."

नाही कसं म्हणणार? शांभवीने मुबशिराच्या नणंदेलाही सगळं समजावून सांगितलं. मनापासून नव्हे, एकदा तर जुलेखाने तोच प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा तिने मुद्दाम उत्तर द्यायला वेळ लावला. पुढच्या गुरुवारी मुबशिराचा निरोप आला, 'आज आपासंगं खेळते हां.' त्याच्या पुढच्या गुरुवारी निरोपही आला नाही.

आता लाल टोपी एकाएकी थांबली. जुलेखा उठून गेली असावी. निळी टोपी तिच्याभोवती दोन उड्या मारून वाट बघत राहिली. मग कंटाळून एकटीच फळ्यांकडे निघाली.

'पडणार आता,' शांभवी पुटपुटली. तिच्या ओठांवर हसूही आलं.

निळी टोपी पहिल्या फळीवर थांबलीसुद्धा नाही. दुसरी, तिसरी, मग हलती साखळी. वरून दगड येत होते, ते येण्याआधीच ती बाजूला होत होती. पलीकडे गेली, वळली, तशीच सफाईने परत आली आणि लाल टोपीशेजारी गुपचूप उभी राहिली.

लाल टोपी हलली. दोघी निघाल्या. तिसऱ्या फळीवर मुबशिराने पाऊल जरा पुढे टाकलं आणि सरळ दरीत गेली. वरून दोर आला.

मुद्दाम पडली ही, म्हणजे लहानपणीही मुद्दामच पडायची, हे शांभवीला कळलं. तिची आई, अव्वा, वारली ती मे महिन्याची सुट्टी मुबशिराच्या घरात, टीव्हीसमोर गेली होती. त्या सुट्टीबद्दल ती आजवर सगळ्यांना एकच सांगत आली होती, की मी नसते तर ही बया दुसऱ्या खाणीत पोचली नसती. तिचं म्हणून तेवढंच तर होतं. तेही आता इचलकरंजीला देऊन झालं होतं.

तिने बटण दाबलं. पडदा काळा झाला.

थोड्या वेळाने फोन वाजला. मुबशिराचा असेल म्हणून तिने तो वाजू दिला. मग नंबर बघितला आणि उचलला.

"ताई, जुलेखा बोलतीया. खेळ मधीच बंद पडला. माझ्याकडनंच काय तरी चुकीचं दाबलं गेलं वाटतं."

शांभवीने काळ्या पडद्याकडे बघितलं.

"मुबशिरा खाली पडलीवती, आन् मी दोर टाकल्यालाच हुता बघा," जुलेखा घाईघाईने म्हणाली. आवाजात धाप होती. "तिला अजिबात खेळता येत न्हाय की वो. सारखी पडती. ल्हानपणी पण अशीच हुती काय?"

शांभवीने माऊस पुढे ओढला. नव्या खोलीचं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. बोटं दोनदा चुकली.

"अशीच होती," ती म्हणाली. "तुमचं काय चुकलं न्हाय. खोली उघडलीया, या आत. आणि तिला एकटीला पुढं जाऊ देऊ नका."