हुकावरचा भार

ट्रेलरची दांडी हुकावर बसली, तेव्हा व्हॅनचा मागचा भाग थोडा खाली जायला हवा होता. तो उलट किंचित वर आला. मघाशी व्हॅनचं मागचं चाक आणि वरचा पत्रा यांच्या फटीत मच्छिंद्रची बोटं दाटून बसत होती, आता ती सैल आत गेली. म्हणजे ट्रेलरवरचा जनरेटर ट्रेलरच्या चाकांच्या मागं बसवलेला होता आणि दांडी हुकाला वर उचलत होती. सत्यजीत तो नेहमी तिथंच ठेवायचा. मंडपाशी उतरवायला सोपा जातो म्हणून. ट्रॅक्टरच्या संथ चालीला ते आजवर खपून गेलं होतं. व्हॅनच्या वेगाला खपणार नव्हतं.

मच्छिंद्रनं बोटं पँटला पुसली आणि तो काही बोलला नाही.

सत्यजीत त्याचा धाकटा भाऊ. त्याचा शिरूरला मंडप, स्पीकर आणि लायटिंगचा धंदा होता. मच्छिंद्र पाटसला शेती बघायचा आणि ट्रॅक्टरनं कारखान्याला ऊस वाहायचा. वडील गेल्यापासून घरातली प्रत्येक गाडी थोरल्याच्या नावावर होती, अगदी सत्यजीत शिरूरच्या बाजारात फिरवायचा ती मोटारसायकलसुद्धा. वर्षापूर्वी सत्यजीत मान खाली घालून म्हणाला होता, की एक बंद व्हॅन घ्यावी, सामानही मावेल आणि जनरेटरही ओढेल; दादांनी पास केली तर या खेपेला माझ्या नावावर घ्यावी. मच्छिंद्र नाही म्हणाला नव्हता. बघू म्हणाला होता. मग पहिल्या व्हॅनचा क्लच त्याला पटला नाही, दुसरीचा पत्रा पटला नाही. ती दुसरी मंचरच्या एका केटरिंगवाल्यानं नेली आणि ती अजून बिनतक्रार पळत होती.

जनरेटर ओढायला सत्यजीतला ट्रॅक्टर लागायचा, आणि त्यासाठी फोन पाटसला करावा लागायचा. तो फोन मच्छिंद्र थोडा वाजू द्यायचा. गेल्या हंगामात ट्रॅक्टर कारखान्याच्या रांगेत अडकला आणि न्हावऱ्याच्या लग्नात वरात अंधारात उभी राहिली. ऐकून त्याला वाईट वाटलं होतं. त्या वाईट वाटण्याच्या तळाशी काहीतरी गोडही लागलं होतं, आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

ही तिसरी व्हॅन. सकाळपासून तो तिच्याभोवती फिरत होता. खाली आडवा होऊन त्यानं चासीवर टॉर्च मारला. गंज नव्हता, कुठं वेल्डिंगचा जोड नव्हता. इंजिन चालू ठेवून धूर बघितला. आत माणूस ताठ उभा राहत होता. स्पीकर आडवे करायची गरज नव्हती. प्रत्येक धड गोष्ट त्याला खुपत होती.

“आप्पा, पोरगी बघायला आल्यावानी करताय,” जुन्या गाड्यांचा एजंट हौशीराम त्याला म्हणाला. “दात बघून झालं, चाल बघून झाली. आता पत्रिका मागू नका.”

सत्यजीतची बायको वैष्णवी थोरल्या दिराशी सरळ बोलत नसे. नवऱ्याकडं तोंड करून ती म्हणाली, “अहो, दादांना विचारा, हिच्यात काय निघालं? काहीतरी निघालंच आसंल.”

मच्छिंद्रनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि जनरेटर जोडलाच आहे तर न्हावऱ्याच्या रस्त्यानं एक फेरी मारू म्हणाला. ट्रेलर थोडा हलेल, नाही म्हणायला आपल्याला कारण मिळेल, एवढंच त्याच्या मनात होतं.

सत्यजीत चालवायला बसला, मच्छिंद्र शेजारी. चढावर गाडीनं कुरकुर केली नाही. आत इतकी शांतता होती की भाऊ हळू आवाजात गुणगुणतोय हे त्याला ऐकू आलं. त्याला गुणगुणताना मच्छिंद्रनं कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. पाटसचा स्वतःचा ट्रॅक्टर त्याला आठवला. त्याच्यावर बसून माणूस ओरडू शकतो, गुणगुणू शकत नाही.

उतारावर सत्यजीतनं उसाच्या ट्रॉलीला मागं टाकलं, आणि ट्रेलर डोलायला लागला. आधी थोडा. मग व्हॅनचा मागचा भाग एकदा इकडं, एकदा तिकडं ओढला जाऊ लागला. समोरून एसटी येत होती. सत्यजीतचा पाय ब्रेककडं गेला.

“ब्रेक नको,” मच्छिंद्र म्हणाला. “पाय काढ. स्टेरिंग सरळ धर. सरळच.”

वेग उतरला तसं डोलणं थांबलं. एसटी शिव्या दिल्यासारखा हॉर्न वाजवत गेली. गाडी कडेला घेतल्यावरही सत्यजीतचे हात स्टेरिंगवरच होते.

“माझंच चुकलं, दादा. मला न्हाई झेपायची ही. तुमचंच बराबर व्हतं. ऱ्हाऊ द्या. तुमच्या नावावर दुसरी कुठली बघू, आन् ती तुम्हीच चालवा.”

वर्षभर मच्छिंद्रला हेच ऐकायचं होतं. ते त्याच्या हातात आयतं येऊन पडलं होतं, फक्त हो म्हणायचं बाकी होतं. त्यानं भावाच्या हातांकडं बघितलं. मग दार उघडून खाली उतरला आणि ट्रेलरचे पट्टे सोडायला लागला.

दोघांनी पहारीनं रेटत जनरेटर पुढं, हुकाच्या बाजूला सरकवला. मागं टाकलेली उसाची ट्रॉली त्यांच्याजवळून धडधडत पुढं गेली आणि तिचा ड्रायव्हर हात दाखवून हसला.

“हे तुम्हाला कवा कळलं?” सत्यजीतनं विचारलं.

“जोडतानाच.”

“मग बोलला का न्हाई?”

मच्छिंद्रनं पट्टा ओढून बांधला, गाठ पुन्हा तपासली.

“पोटात दुखत व्हतं माझ्या,” तो म्हणाला. “आजूनबी दुखतंय. खोट गाडीत न्हाई, आन् तुझ्यातबी न्हाई.” पहार ट्रेलरमध्ये ठेवून तो सरळ झाला. “घे ही. तुझ्या नावावर घे.”