खाजणातला कोयत्यो

“उघडू नका, साहेब! आत फिल्म आहे!”

फॉस्टिन पिंटो उभ्या आयुष्यात पोलिसावर ओरडला नव्हता. पोलिसावरच काय, स्टुडिओत फोटोसाठी बसवलेल्या रडक्या पोरांवरही त्याने कधी आवाज चढवला नव्हता. पण जमादाराचा अंगठा कॅमेऱ्याच्या पाठच्या खिटीवर गेलेला दिसला आणि त्याला राहवले नाही.

जमादार मोहिते थांबले.

“आत फिल्म आहे ते मलाही कळतं. तिच्यात काय आहे ते बघायचंय.”

“उजेड लागला तर काहीच दिसणार नाही, साहेब. माझे फोटो जातील आणि तुमचा पुरावाही जाईल. माझ्या स्टुडिओत चला. तुमच्यासमोर धुतो. पक्ष्यांशिवाय दुसरं काही निघालं तर खुशाल आत टाका मला.”

मोहित्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत पेंढ्याच्या काड्या, कोपरावर फाटलेला कोट. समोर टेबलावर कॅमेरा आणि त्याला जोडलेली हातभर लांबीची नळी.

“पक्ष्यांचे फोटो,” ते म्हणाले. “पहाटे उठून, चिखलात लपून, पक्ष्यांचे फोटो. आणि हे मी वरच्या साहेबाला सांगायचं?”

दिवस वाईट होते. छप्पन्न सालचा डिसेंबर. गोव्यात अजून पोर्तुगीज बसलेले, सरहद्द बंद, आणि इकडे दारूबंदी. खाडीच्या तोंडातून कुठली होडी कधी आत शिरेल आणि तिच्यातून काय उतरेल याचा नेम नव्हता. म्हणून तर हा पोलिसांचा नाका नव्याने बसवला होता. त्यात फॉस्टिन ख्रिस्ती. त्याची मावशी म्हापशाला, चुलते पणजीला. अशा माणसाने खाडीकडे नळी रोखून बसावे, मग लोकांनी काय समजावे?

फॉस्टिनचा मालवणच्या बाजारात बावीस वर्षांचा स्टुडिओ होता. नवरा-नवरीचे फोटो, बोटीवर जाणाऱ्यांचे फोटो, आणि कुणी गेले की घाईघाईने बोलावून काढून घेतलेला त्याचा शेवटचा फोटो. सगळी माणसे त्याच्यासमोर श्वास रोखून, ताठ बसायची. मेलेली तेवढी सैल वाटायची. असे एकदा तो बायकोला, रोझाला, बोलून गेला, तेव्हा तिने छातीवर क्रूस काढला होता.

आगबोटीवर नोकरीला असलेल्या धाकट्या भावाने मुंबईच्या जुन्या बाजारातून ते लांब नळीचे भिंग आणून दिले आणि फॉस्टिनला पक्ष्यांचे वेड लागले. हिवाळा आला की खाडीकाठच्या खाजणात, त्या खाऱ्या चिखलाच्या जमिनीत, कुठून कुठून बदके उतरत, पाणलावे उतरत. त्यांत एक मोठा, तपकिरी पक्षी यायचा. त्याची चोच कोयत्यासारखी वाकडी आणि वीतभर लांब. गावात त्याला कोयत्यो म्हणत. भारी बुजरा. माणूस दोन शेते पलीकडे खोकला तरी उडायचा. तो चिखलातून कुर्ली, म्हणजे खेकडा, ओढून काढतो, वर उडवतो आणि उघड्या चोचीत झेलतो, तेवढे एकदा टिपायचे, एवढाच फॉस्टिनचा हट्ट. त्यासाठी त्याने बांधाच्या आडोशाला माडाच्या झावळ्यांची, माणूस जेमतेम मांडी घालून बसेल एवढी खोप बांधली होती. तीन हिवाळे तो तिच्यात बसत आला होता.

आज सकाळी ओहोटीला कोयत्यो दहा हातांवर आला. कुर्ली ओढली. वर उडवली. फॉस्टिनने बटण दाबले. तो त्या रोलमधला नववा फोटो. त्याने आणखी तीन काढले आणि पक्षी बुजू नयेत म्हणून तासभर तसाच बसून राहिला. मग पाठीमागून बूट वाजले. दोन शिपायांनी लाथांनी खोप पाडली. सगळे खाजण एकदम आकाशात उडाले.

“वर्दी कोणी दिली?” फॉस्टिनने आता धीर करून विचारले.

“तुमच्याच वाडीतल्या धोंडूनं. म्हणाला, दुर्बिणीतून नाक्याचे फोटो काढतो, पोर्तुगीजांना पाठवतो.”

धोंडूचे शेत त्या बांधाला लागूनच होते. लहानपणी दोघांनी मिळून तिथेच गळ टाकले होते.

मोहित्यांनी खिटीवरचा अंगठा काढला. “चला. तुमच्या स्टुडिओत.”

बाजारातून जाताना पुढे जमादार, मागे शिपाई आणि मध्ये चिखलाने माखलेला फॉस्टिन. दुकानांच्या फळ्यांवर बसलेली माणसे गप्प झाली. ज्यांच्या लग्नाचे फोटो त्याने काढले होते, त्यांनी माना दुसरीकडे वळवल्या. कापडवाल्याच्या दारात उभी असलेली काशीबाई तेवढी मोठ्याने म्हणाली, “अरे, फॉस्तूक खंय नेतत?” पण तिलाही कुणीतरी हात धरून आत ओढले.

रोझा स्टुडिओच्या मागच्या खोलीत नाताळच्या नेवऱ्या तळत होती. पोलिसांना पाहून झारा तिच्या हातातच राहिला.

“काय झाला ओ?”

“काय नाय. फोटो धुवचे आसत,” फॉस्टिन म्हणाला. “शिपायाक दोन नेवऱ्यो दी.”

अंधाऱ्या खोलीत तो आणि मोहिते, दोघेच शिरले. लाल दिवा लागला. फॉस्टिनने फिल्मची दोन टोके दोन हातांत धरली आणि झोका दिल्यासारखी ती औषधाच्या बशीतून खालीवर फिरवू लागला. हळूहळू फिल्मवर चौकोन उमटले. उलटे चित्र. उजळ चिखल काळा आणि काळपट पक्षी पांढरे.

“हे काय, भुतं?” मोहिते पुटपुटले.

“बदकं आहेत, साहेब. छापल्यावर सरळ दिसतील.”

आणि मग नववा चौकोन उमटला.

कोयत्यो अगदी मनासारखा आला होता. मान ताणलेली, चोच उघडी, आणि चोचीच्या वर बोटभर अंतरावर, हवेत, नांग्या पसरलेली कुर्ली. फॉस्टिनने फिल्म डोळ्यांजवळ नेली. कुर्लीच्या पाठीमागे खाडीत एक होडी होती. पाण्यात उतरून एक माणूस खांद्यावरून डबा वाहत होता. पुसट होता, पण डावा खांदा खाली पडलेला. माडावरून पडल्यापासून अख्ख्या वाडीत असा खांदा एकाचाच होता. आणि या दिवसांत होडीतून असे गुपचूप डबे उतरायचे ते गोव्याच्या दारूचेच.

सकाळी त्याचे सगळे लक्ष पक्ष्यावर होते. मागे काय चालले आहे ते त्याला दिसलेच नव्हते. धोंडूला मात्र ती नळी आपल्यावर रोखलेली दिसली असणार.

एक वाक्य पुरे होते. साहेब, हा बघा तुमचा वर्दी देणारा. फॉस्टिन तिथल्या तिथे धुतल्या तांदळासारखा स्वच्छ झाला असता, आणि ते वाक्य जिभेवर आलेही होते. धोंडूने त्याच्यावर नुसता आळ घेतला नव्हता. बावीस वर्षांच्या ओळखीच्या बाजारातून त्याला चोरासारखा फिरवला होता.

पण तोच बाजार त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्या वळलेल्या माना. उद्या त्याच रस्त्याने धोंडूला नेतील, आणि मागून त्याची बायको मथुरा चार मुलींना घेऊन धावत येईल. तिच्याकडेही कुणी बघणार नाही.

त्याने फिल्म चित्र पक्के करणाऱ्या हायपोत बुडवली, पाण्यात खळबळली आणि दिवा लावला. मोहित्यांनी ओली पट्टी उजेडावर धरली आणि एकेक चौकोन पाहत नवव्यावर थांबले.

“यात काय?”

“पक्षी. कुर्ली खातोय.”

“आणि वरचा हा पांढरा डाग?”

“लांबचं आहे ते, साहेब. मी नजर पक्ष्यावर धरली होती. मागचं असं पुसटच येतं.”

यात खोटे एक अक्षर नव्हते. मोहिते अजून पट्टीकडे पाहत होते. मग त्यांनी ती परत दिली. “या उलट्या चित्रांतलं मला काही कळत नाही. दोन-चार छापून दाखवा.”

फिल्म वाळेपर्यंत अर्धा-पाऊण तास गेला. फॉस्टिनने दुसरा, पाचवा आणि सातवा फोटो छापला. बशीतल्या पांढऱ्या कागदावर लांब शेपटीची बदके एकेक करून वर आली, तेव्हा जमादाराच्या तोंडावरचे पोलीसपण कुठल्या कुठे गेले.

“अरे! ही तर आमच्या गावच्या तळ्यावर येतात. थंडीत. आई म्हणायची, पाहुणे आले, दगड मारू नका.” ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. “एक रिपोर्टाला लावतो. आणि एक… एक मी ठेवू का?”

“ठेवा ना, साहेब.”

निघताना ते दारात घुटमळले. “पिंटो, पुढच्या खेपेला नाक्यावर सांगून जात जा. आणि तुमची ती झोपडी आमच्या लोकांनी उगाच मोडली.” बाहेर जमलेल्या माणसांकडे पाहून त्यांनी आवाज चढवला, “पक्ष्यांचे फोटो आहेत! दुसरं काही नाही! जा आपापल्या कामाला!”

ते गेले तसा फॉस्टिन मटकन स्टुलावर बसला. त्याला हसू येत होते. रोझाला एकदम रडू फुटले.

“माका वाटलां, तुमका आता हेर म्हणान रत्नांग्रीक नेतले! पक्षी बघूक जातंय म्हणतास आणि पोलीस घेवन येतास!”

“पोलिसाक पण पक्षी आवडले गो,” तो म्हणाला, आणि मग तीही रडता रडता हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडू आला. दाराच्या आत आला आणि तिथेच उभा राहिला.

“फॉस्तू, जमादाराक मीच सांगलंय.”

“ठावक आसा माका.”

“तुजी नळी माज्याकडे वळलेली होती रे. माका वाटलां, तू माकाच टिपतंस.”

“मी पक्ष्याक टिपत होतंय. मदी तू इलंस.” फॉस्टिनने खण उघडला. काल सगळे गेल्यावर त्याने नववा फोटो एकदाच छापला होता. तो आणि फिल्मचा चौकोन त्याने टेबलावर ठेवला.

धोंडू वाकला. आधी त्याचा चेहरा उतरला. मग तो तसाच वाकून पाहत राहिला.

“ह्यो मी?”

“तू.”

“माजो फोटो आजपर्यंत कोणी काढूक नाय.” थोड्या वेळाने त्याने कोयत्यावर बोट ठेवले. “आणि ह्यो? आमच्या खाजणातलो?”

“तुज्याच बांधाखालचो.”

“जमादारान बघलो?”

“बघलो. तेका कळाक नाय.”

“आणि तू सांगूक नाय.”

फॉस्टिनने कागद कापायची कातर पुढे सरकवली. “तूच काप.”

“पक्षी पण जायत मां?”

“गेलो तर जावंदे. आणखी तीन वर्सां बसान.”

धोंडूने कातर उचलली. जाळ्याचे दोरे कापायचा तशी जीभ दातांत धरून, इवल्याशा चौकोनातून तो कातर सरकवू लागला. होडी गेली, माणूस गेला. चोचीपाशी येऊन त्याने श्वास रोखला आणि तिच्या टोकाला लागून पाते वळवले. कुर्ली मात्र होडीच्या तुकड्यात गेली. तो तुकडा आणि छापलेला फोटो त्याने स्वतः नेऊन रोझाच्या चुलीत टाकला आणि पुरते जळेपर्यंत तिथे उभा राहिला.

फॉस्टिनने उरलेला तुकडा खिडकीशी उजेडात धरला. ताणलेली मान, उघडी चोच, आणि तिच्या वर कातरीची रेघ.

धोंडू परत येऊन त्याच्या खांद्यामागून पाहू लागला.

“वायच वाकडां कापलंय,” तो म्हणाला.

“नाय रे,” फॉस्टिन म्हणाला. “बरां कापलंस.”