बंदरातलं कार्ड

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला वाटेल की हिच्यात शिवणाचं सामान असेल, नाहीतर जुनी बिलं. तुमचा दोष नाही. रूपानं मी बेताचीच आहे. पण एके काळी माझ्या पोटात मखमलीचे गोल खळगे होते आणि त्यांत पितळेची सरकारी वजनं बसायची. मधोमध थोरलं किलोचं, कडेला ग्रॅमांची पोरंटोरं.

माझे मालक वजनमाप निरीक्षक होते. मला हातात घेऊन ते बाजारात शिरले की भल्याभल्या दुकानदारांना अचानक देव आठवायचा. कुणाचा तराजू खोटा आहे हे मालक त्याच्या दांडीकडे पाहून सांगत, आणि कुणाचं हसू खोटं आहे हे मी. तेव्हापासून मला एक खोड लागली. माणूस समोर आला की मी त्याला मनातल्या मनात तोलून बघते.

पुढे कचेरीत पत्र्याच्या पेट्या आल्या आणि मी भंगारात निघाले. दुसरा कुणी असता तर मला काखोटीला मारून घरी गेला असता. मालकांनी रीतसर अर्ज केला, मंजुरी येईपर्यंत वाट पाहिली आणि मगच मला हात लावला. घरी आल्यावर त्यांनी सुतार बोलावला. त्यानं मखमल काढून पातळ फळ्यांचे खण बसवायला घेतले आणि विचारलं, "साहेब, एवढ्या खणांत ठेवणार काय, मसाले?"

"समुद्र," मालक म्हणाले.

सुतारानं मालकांच्या बायकोकडे पाहिलं. तिनं कपाळाला हात लावला नाही, कारण तो आधीपासूनच लावलेला होता.

झालं होतं असं, की मालकांना हॅम रेडिओचा नाद होता. सरकारी परवाना काढायचा, छपरावर तार ताणायची आणि घरबसल्या जगातल्या दुसऱ्या हौशी रेडिओवाल्याशी बोलायचं. बोलणं झालं की दोघांनी एकमेकांना टपालानं कार्ड पाठवायचं, की अमक्या दिवशी, अमक्या वेळी तुमचा आवाज मला असा असा ऐकू आला. कार्ड हातात पडलं की ते बोलणं खरं. तोवर नुसती हवा.

जमिनीवरच्या लोकांची कार्डं कुणीही जमवतं. मालकांना हवी होती ती चालत्या जहाजांवरची आणि उडत्या विमानांतली. त्या कार्डांवर गावाचं नाव नसतं, अक्षांश-रेखांश असतात. तासाभरानं त्या जागी पाणी नाहीतर ढग, बाकी कुणी नाही. प्रत्येक समुद्राला माझ्यात एक खण मिळाला, विमानांना कोपऱ्यातला अरुंद. विमानवाले भारी घाईचे. एका मालवाहू विमानाच्या वैमानिकाला मालक इथलं हवामान नीट समजावून सांगत होते. ते सांगून होईपर्यंत तो गडी दुसऱ्या देशावर पोचला होता. त्याच्या कार्डावर कपाच्या बुडाचा गोल डाग होता. मालक तो डाग पाहुण्यांना उंचीच्या आकड्याइतक्याच अभिमानानं दाखवत.

आणि नियम म्हणाल तर मालकांच्या अंगात मुरलेले. आवाज कुरकुरत आला तरी बाकीचे लोक कार्डावर 'उत्तम' लिहून मोकळे होतात. मालक जेवढं ऐकू आलं तेवढंच लिहीत. हवेवर घरगुती गोष्टी काढत नसत, कारण तिथलं बोलणं अख्खं जग ऐकतं. आणि जहाज धक्क्याला लागलेलं असेल किंवा बंदरात नांगर टाकून उभं असेल, तर ते समुद्रात धरत नसत. हा त्यांच्या हौशी मंडळाचाच नियम होता, पण मंडळापेक्षा मालकच तो जास्त पाळत.

मालकांचे आईवडील लवकर गेले. धाकट्या भावाला त्यांनी आणि त्यांच्या बायकोनंच वाढवलं. तो तिला वहिनी म्हणायचा, म्हणून मीही वहिनीच म्हणते. जेवताना मालक ताटाच्या कडेवर चमच्यानं टकटक करून त्याला तारेची भाषा शिकवत. वहिनी म्हणायच्या, "आमटी हवी असली तर तोंडानं मागा. मी काही बोट नाही." धाकटा हुशार निघाला. जहाजावरच्या रेडिओ ऑपरेटरची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाला. पण त्याच्या अंगात एक खट्याळ किडा होता.

माझा एक खण वर्षानुवर्षं रिकामा होता. तो होता दक्षिणेच्या बर्फाळ समुद्राचा. तिथलं जहाज काही केल्या मालकांना सापडत नव्हतं. एके दुपारी ते सापडलं. मालकांनी पेन्सिल सरसावली. तारेच्या भाषेत पलीकडून टकटक येत होती, ठणठणीत, शेजारच्या गच्चीवरून यावी तशी.

ती शेजारच्या गच्चीवरूनच येत होती. पाण्याच्या टाकीमागे धाकटा टाकाऊ सामानातून जोडलेला छोटा सेट घेऊन बसला होता. किलोत पाच ग्रॅम कमी असले तर मालक तळहातावर ओळखायचे, पण त्यांना शंका आली नाही. मित्रांनो, जे आपल्याला फार हवं असतं ते वजनात कधी कमी भरत नाही.

काही दिवसांनी कार्ड आलं. त्यावर हातानं काढलेला पेंग्विन होता. मालक ते मंडळाच्या बैठकीत घेऊन गेले. तिथल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी चष्मा वर करून सांगितलं की या नावाचं जहाज मोडीत निघून जमाना झाला, आणि पेंग्विनाच्या पायाला बदकाची बोटं आहेत. सगळे पोट धरून हसले.

मालक घरी आले ते थेट धाकट्यासमोर उभे राहिले. त्यानं लगेच कबूल केलं, हसत हसतच. एखादी चापट बसेल आणि विषय मिटेल अशा बेतानं. मालकांनी आवाजही चढवला नाही.

"मी लोकांची खोटी वजनं जप्त करतो, आणि तू मला माझ्याच घरात खोटं विकलंस. मी बोलावल्याशिवाय या दारात यायचं नाही."

वहिनी मध्ये पडल्या, पण दोघं एका हाडाचे. धाकट्यानं बॅग भरली आणि मिळेल ते जहाज धरलं.

मित्रांनो, यानंतरची वर्षं माझ्या भरभराटीची होती, आणि तेच माझं दुःख आहे. कारण मला भरलं ते धाकट्यानं. कुठल्याही समुद्रात गेला की कप्तानाची परवानगी घेऊन तो मालकांना हाक मारायचा. मालक उत्तर द्यायचे. स्वतःचं सांकेतिक नाव, आवाजाची प्रत, हवामान. नमस्कार. संपलं. मग यथावकाश कार्ड यायचं, नीटनेटकं, एका अक्षराची खाडाखोड नाही.

वहिनी दाराशी उभ्या राहून विचारायच्या, "काय म्हणाला?"

"हवा स्वच्छ आहे म्हणाला."

"आणि तो कसा आहे?"

"ते हवेवर विचारत नाहीत."

"जगातल्या सगळ्या समुद्रांवरची हवा तुम्हाला ठाऊक," वहिनी म्हणायच्या, "घरात कुठलं वारं वाहतंय ते सोडून." मग त्या कार्ड खिडकीपाशी नेऊन पाहत बसायच्या. अक्षर बारीक झालं असेल तर जेवणाचे हाल असणार, शाई पसरली असेल तर खोलीत ओल असणार, असा त्यांचा हिशेब. तो बरोबर की चूक हे मला माहीत नाही. पण त्या घरात धाकट्याची चौकशी करणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि त्याला रेडिओ लावता येत नव्हता.

खण एकेक करून भरत गेले. मग माझ्या लक्षात आलं, की धाकटा नेमका तिकडेच जातोय जिथलं कार्ड मालकांकडे नाही. चांगलं मोठं जहाज सोडून तो भलत्याच गलबतावर चढायचा, कारण ते मालकांच्या रिकाम्या समुद्रात जाणार असायचं. शेवटी तो बर्फाळ समुद्रातही गेला, संशोधकांना धान्य पोचवणाऱ्या जहाजावरून. तिथून त्याची हाक आली ती मुंगीच्या पावलांसारखी. मालकांनी डोळे मिटून एकेक अक्षर वेचलं आणि कार्डावर खरं तेच लिहिलं, की जेमतेम ऐकू आलं. काही महिन्यांनी त्याचं कार्ड आलं. या वेळी पेंग्विन नव्हता. नुसते अक्षांश-रेखांश.

मी वाट पाहत होते. आता बोलावतील. खोट्याची भरपाई अख्ख्या दुनियेला वळसा घालून झाली होती. तराजूची दांडी सरळ झाली होती. पुढच्या खेपेला धाकट्यानं हाक मारली तेव्हा मालक म्हणाले, "कार्ड मिळालं. खण भरला." आणि हवामान सांगितलं.

त्यानंतर वर्षभरानं एका सकाळी हाक आली. वहिनी बाजारात गेल्या होत्या. आवाज इतका स्पष्ट होता की मालक दचकून खिडकीकडे बघायला लागले.

"दादा, मी इथेच आहे. आपल्या बंदरात. पाणी आणि इंधन भरायला थांबलोय. दुपारी निघू."

मालकांनी वहीत वेळ टिपली. मग म्हणाले, "नांगर टाकलाय का?"

"हो."

"मग हे समुद्रात धरत नाहीत. याचं कार्ड चालणार नाही."

"कार्डासाठी नाही हाक मारली, दादा."

"मग?"

पलीकडे कुणीतरी लोखंडावर काही आपटत होतं, तेही ऐकू आलं. धाकटा म्हणाला, "आवाज कसा येतोय?"

"स्पष्ट."

"बरं," तो म्हणाला. मग रीतीप्रमाणे नमस्कार केला.

मित्रांनो, मला हात असते तर मी त्या दिवशी मालकांच्या हातातला माईक हिसकावला असता. पण पेट्यांना बिजागऱ्या असतात, हात नसतात.

वहिनी आल्या. मालकांनी त्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. तेवढे ते प्रामाणिक होतेच. वहिनींनी पिशवी खाली ठेवली. "त्यानं दाराशी येऊन हाक मारली," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही त्याला नियम वाचून दाखवलात." चपला त्यांनी काढल्याच नव्हत्या. तशाच त्या धक्क्यावर गेल्या. खलाशांची ने-आण करणाऱ्या लाँचवाल्यानं त्यांना बोट दाखवलं, पण ते बोटीच्या धुराकडे होतं.

तीन आठवड्यांनी टपालानं कार्ड आलं. चालणार नाही हे माहीत असूनही त्यानं ते पाठवलं होतं. त्यावर अक्षांश-रेखांश नव्हते. ठिकाणाच्या जागी आमच्या बंदराचं नाव होतं. मालक ते घेऊन माझ्यापाशी आले, एकेका खणावरून बोट फिरवलं आणि तसेच परत गेले. कार्ड टेबलावर राहिलं. जेवताना समोर, झोपायला जाताना समोर. काय झालं कोण जाणे, एक दिवस हातातला घास तसाच धरून मालक म्हणाले, "पुढच्या वेळी सांगतो त्याला. ये म्हणतो."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी धाकट्याच्या खोलीतली गादी उन्हात टाकली, खिडकीचं अडकलेलं दार तेल घालून मोकळं केलं आणि पलंगावर धुतलेली चादर घातली.

मालक आता रोज सेटपाशी बसू लागले. नव्या कुणाला उत्तर देईनात. दोन विमानं डोक्यावरून हाका मारत गेली तरी ढुंकून पाहिलं नाही. आणि एका रविवारी खरखरीतून त्या जहाजाचं नाव आलं. मालकांनी पलीकडच्याचं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. सांकेतिक नाव सांगितलं नाही, आवाजाची प्रत नाही, हवामान नाही. आयुष्यात पहिल्यांदा सगळे नियम ओलांडून ते म्हणाले, "अरे, घरी ये. पुढच्या बंदरात उतर आणि ये. तुझी वहिनी वाट बघतेय. मीही बघतोय."

खरखर थांबली. मग एक कोवळा, परका आवाज आला.

"काका, मी दुसरा आहे. तुम्ही आधीच्या ऑपरेटर साहेबांना बोलावताय का?"

मालकांनी हो म्हटलं आणि आपल्या बंदराचं नाव सांगितलं.

"ते गेले, काका. मागच्या महिन्यात. पोटाचं दुखणं जुनं होतं. तुमच्याच बंदरात त्यांना सुट्टी मंजूर झालेली, घरी राहून उपचार घ्या म्हणून. पण ते उतरलेच नाहीत. कंपनी कळवणार होती, पण त्यांनी घरच्या पत्त्याची जागा कोरी ठेवली होती."

वहिनी दारात होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. त्या खाली बसल्या, हळूच, जमीन किती लांब आहे ते चाचपत.

पलीकडचा पोरगा बावचळला होता. त्यानं सवयीचं तेच म्हटलं. काका, तुमचा आवाज उत्तम येतोय. कार्ड पाठवाल ना?

"पाठवतो," मालक म्हणाले.

आणि त्यांनी ते लिहिलं. त्याच दुपारी, त्याच खुर्चीत, तारीख, वेळ, प्रत, सगळं बिनचूक. मी तोलणारी पेटी, पण त्या माणसाला त्या दिवशी कशात तोलावं ते मला कळलं नाही.

संध्याकाळी त्यांनी ते बंदरातलं कार्ड उचललं आणि माझं झाकण उघडलं. वहिनी भिंतीला टेकूनच म्हणाल्या, "कुठे ठेवणार?"

"खण नाही त्याला," मालक म्हणाले. त्यांचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"मग बाहेरच राहू दे. आत घेतलेल्यांची तुम्ही कधी विचारपूस केली नाहीत."

आता मालक नाहीत, वहिनी नाहीत. मी मंडळाच्या खोलीत फळीवर असते. हल्ली कार्डं फारशी येत नाहीत. मुलं सहलीला येतात, माझे खण मोजतात, जहाजांची चित्रं बघतात, आणि एवढे समुद्र एकाच माणसाकडे कसे, म्हणून तोंडात बोटं घालतात. मालकांचं कौतुक होतं. धाकट्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, तरी निम्म्याहून जास्त अक्षर त्याचंच आहे.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरंच आहे, कार्डांना वाळवी लागू दिली नाहीत तर उपकार होतील. पण मागायचंच तर मी दुसरं मागेन. कधीतरी तुमचं माणूस काही कारण नसताना हाक मारेल. आवाज कसा येतोय, जेवलास का, पाऊस आहे का, असलं काहीतरी फुटकळ विचारेल. तेव्हा नुसतं विचारल्याचं उत्तर देऊ नका. त्याला 'ये' म्हणा. एका अक्षराचा शब्द आहे. माझ्या मालकांनीही तो शेवटी म्हटला, अगदी स्पष्ट म्हटला. तो ऐकला मात्र परक्यानं.