आनंदाकाकांकडची प्रिंट

पोर्तुगालात दारू पिऊन गाडी चालवली म्हणून मला शिक्षा झालेली. घरी कुणाला पत्ता नव्हता. आता जर्मनीत नोकरी हवी, तर तिथल्या सरकारी ऑफिसने पोर्तुगालकडून माझ्या गुन्ह्याची नोंद मागवली. त्याआधी माझी लेखी संमती दोनदा घेतली. मला आलेल्या इंग्रजी प्रतीवरही ताकीद होती: दुसऱ्या कुणाला दाखवू नये.

आणि मी मूर्ख. प्रिंटसाठी ती मानपाड्याच्या झेरॉक्सवाल्या, आईच्या ओळखीच्या आनंदाकाकांना व्हॉट्सॲप केली. दुकानात पोचले, तर काका माझ्याकडे बघेनात. "इंग्रजी मला कुठे कळतंय," मी न विचारताच ते म्हणाले.

धावत घरी आले. आई फोन घेऊन दारातच उभी होती. स्क्रीनवर माझाच कागद, त्याखाली काकांनी पाठवलेलं मराठी भाषांतर.

"कल्पिता, कधीपासून पितेस?"