चौथी जोडी

हालवरच्या गॅरेजात गाडी कधी उभीच राहिली नाही. गाडी बाहेर बर्फात कुडकुडायची आणि आत भिंतीला ओळीनं टेकून त्याच्या मुलीच्या, तिरिलच्या, स्की उभ्या असायच्या. अकरा जोड्या! बायको बोर्गनी म्हणायची, "मी मेले की मला यातल्याच एका जोडीवर ठेवून खाली ढकलून दे, तेवढाच खर्च वाचेल." हालवर हसायचा नाही. एरवी माणूस भला, पण स्कीच्या बाबतीत त्याला विनोद कळत नसे.

तर त्या गुरुवारी, लाकडाच्या कारखान्यातून घरी आल्या आल्या, त्याला अकरातून चार निवडायच्या होत्या. शनिवारची शर्यत पलीकडच्या खोऱ्यात, क्लबच्या गाडीत पोरं चौदा, म्हणून माणशी चारच जोड्या. एका जोडीवर भागत नाही हे या खोऱ्यात शाळेत जायच्या आधी कळतं. कडाक्याच्या थंडीतल्या जुन्या कोरड्या बर्फाला एक, वितळून पुन्हा गोठलेल्या काचेसारख्या बर्फाला दुसरी, ताज्या भुरभुरीत बर्फाला तिसरी. या तिघींवर वाद नव्हताच. वाद झाला तो चौथीवर.

"शून्याची घे," तिरिल म्हणाली.

शून्याच्या जोडीला पायाखाली पकडीचं मेण लावतच नाहीत. तेवढा भाग सँडपेपरनं घासून खरबरीत करून ठेवतात, बस. तापमान शून्याच्या आसपास आणि वरून ओला बर्फ पडत असला की मेणाची पंचाईत होते. कमी लावलं तर चढावर पाय मागे घसरतो, जास्त लावलं तर तळाला बर्फाचे गोळे चिकटतात. अशा दिवशी ती खरबरीत जोडी मुकाट्यानं चालते. दिसायला मात्र भिकार.

"शनिवारी उणे सहा सांगितलंय," हालवर म्हणाला. "शून्याची घेऊन काय लोणचं घालायचं?"

"अंदाज आहे तो बाबा, देवाचा शब्द नाही."

"आणि आलंच शून्य, तर मी काय मेलोय? तीस वर्षं क्लबच्या पोरांच्या स्कींना मेण लावतोय. सँडपेपर घेऊन बसायला मी सुतार नाही."

हा त्याचा रोग. एकट्याचा नाही म्हणा. या भागातल्या सगळ्या मेणवाल्यांना तो कमीजास्त असतोच. प्रत्येकाची एक पेटी, पेटीत डब्या, कोणत्या डबीवर कोणती डबी चढवायची ते बायकोलाही सांगायचं नाही. अशा माणसाला शून्याची जोडी काढणं म्हणजे घरी पाहुणे बोलावून शेजारणीकडून जेवण मागवण्यासारखं वाटतं. हालवरचा नाद तर पार टोकाला गेलेला. मेणानं जमणार नाही असा बर्फ आभाळातून अजून पडायचाय, असं तो चारचौघांत बोलून बसला होता.

आणि पणाला काय लागलं होतं, ते त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. तिरिल एकोणीस वर्षांची. ज्युनियर गटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. शनिवारी पहिल्या सहांत आली तर जागतिक स्पर्धेच्या संघात, नाहीतर विषय संपला. गेल्या वर्षी ती सातवी आली होती. फक्त तीन सेकंदांनी हुकली.

"ती जोडी मी स्वतः घासलीय. चांगली चालते," तिरिल म्हणाली. मग बापाच्या कपाळावरची आठी बघून तिनं ती उचलली आणि आपल्या हातानं परत भिंतीला लावली. "बरं, राहू दे. मेण तुला कळतं."

चौथी म्हणून हालवरनं नवी लाल जोडी घेतली. थंडीसाठीची एक होतीच, ही दुसरी. खुशीत तिच्या तळावरून त्यानं दोनदा हात फिरवला.

शनिवारी सकाळी सात वाजता पारा उणे पाच. स्वारी शीळ घालत होती. "बघ, काय सांगितलं होतं?" तो तिरिलला म्हणाला, आणि तीही हसली. नऊ वाजता वारा फिरला. साडेनऊला उणे दोन. दहाला आभाळ असं खाली आलं की समोरचा डोंगर दिसेना, आणि सव्वादहाला बर्फाचे मोठाले, ओले, आळशी तुकडे पडायला लागले. पारा शून्यावर येऊन बसला तो बसलाच.

मेणवाल्यांच्या ओळीत सगळीकडून एकच आवाज सुरू झाला: खर्र, खर्र, खर्र. जो तो आपापली शून्याची जोडी काढून सँडपेपर मारत होता. हालवरच्या तोंडचं पाणी पळालं. पण चेहऱ्यावर दाखवेल तर हालवर कसला! त्यानं पेटी उघडली. आधी कडक मेण, त्यावर मऊ, त्यावर पुन्हा कडक मेणाचा पातळ थर. पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा पुसलं.

शेजारच्या क्लबचा मेणवाला गाउते हे सगळं बघत होता. टकला, बडबड्या, हालवरचा तीस वर्षांचा दोस्त आणि तितक्याच वर्षांचा वैरी. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "माझी पोरगी ओस्ने तापानं फणफणलीय, पळत नाहीये आज. तिची शून्याची जोडी गाडीत पडलीय. वजन दोघींचं सारखंच. घेऊन टाक."

"नको."

"अरे, लाजतोस कशाला? कुणाला कळणार नाही."

"लाजायचा प्रश्न नाही. हे बघ." हालवरनं स्की पायात अडकवल्या आणि झाडांमधल्या छोट्या चढावर दोनशे पावलं मारून दाखवली. पकड सुरेख होती. खरंच होती. "चालतंय!"

"इथं झाडाखाली चालतंय रे बाबा. वर उघड्या पठारावर, ताज्या ओल्या बर्फात?"

"गाउते, तुझं तू बघ."

"लेका, पळायचंय पोरीला, तुला नाही," गाउते म्हणाला आणि पाय आपटत निघून गेला.

एवढ्यात तिरिल अंग गरम करून आली. गाल लाल, पापण्यांवर बर्फ. "बाबा, कोणती?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. ओस्नेची जोडी आहे, तू ठरव, एवढे पाच शब्द. जिभेवर आले होते ते. पण त्यानं लाल जोडी पुढे केली.

"पकड छान आहे," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

तिनं पुढे विचारलं नाही. बाप खोटं बोलत नाही हे तिला लहानपणापासून माहीत होतं, आणि तसा तो खोटं बोललाही नव्हता. अर्धंच बोलला होता.

दर अर्ध्या मिनिटाला एक मुलगी सुटत होती. पाच किलोमीटरच्या दोन फेऱ्या. तिरिल सुटल्यावर हालवर धापा टाकत चौथ्या किलोमीटरच्या मोठ्या चढाच्या माथ्यावर जाऊन उभा राहिला. फोनवर आकडे येत होते. दोन किलोमीटरला तिरिल पाचवी. पाचवी! त्यानं मूठ वळली. बघ गाउते, बघ टकल्या. मग मुली झाडं सोडून पठारावर गेल्या. तीन किलोमीटरला तिरिल चौदावी. साडेतीनला सव्विसावी.

हालवर तो आकडा बघतच राहिला. फोन चुकलाय की काय म्हणून त्यानं तो बाहीला पुसलासुद्धा.

मागून कुणीतरी फुसफुसत चढ चढत आलं. गाउते होता, आणि त्याच्या खांद्यावर ओस्नेची जोडी. "नियम मलाही माहीत आहे," तो नजर चुकवत म्हणाला. "तरी घेऊन आलो. खाली उभं राहवेना."

नियम सगळ्यांनाच माहीत होता. या शर्यतीत स्की बदलता येत नाही. मोडली तरच बदलता येते. बर्फ चिकटला म्हणजे स्की मोडली असं कोणी मानत नाही. हालवरनं जोडी हातात घेतली. कशासाठी घेतली ते देव जाणे.

मग तिरिल दिसली. ती पळत नव्हती, चालत होती. दोन्ही स्कींच्या तळाला पायाखाली वीतभर गोळे, प्रत्येक पावलाला ती पाय आपटायची, गोळा सुटायचा आणि पुढच्या दोन पावलांत पुन्हा धरायचा. मागच्या मुली "बाजू! बाजू!" ओरडत तिच्या कडेनं निघून जात होत्या. आठ वर्षं ज्या पोरींना तिनं हरवलं होतं त्या.

माथ्यावर बापासमोर येऊन ती थांबली. त्याच्या हातात तिला जोडी दिसली.

"कुणाची?"

"ओस्नेची."

"कधीपासून आहे इथं?"

"सकाळपासून," हालवर म्हणाला.

तिरिलनं हात पुढे केला. "दे."

"देता येत नाही गं. मोडल्याशिवाय बदलता येत नाही."

पिवळ्या जाकिटातला पंच वीस पावलांवर पाठ करून उभा होता. तिनं तिकडे एकदा बघितलं आणि आपली उजवी स्की सरळ बापाच्या बुटांच्या मध्ये सरकवली.

"मग मोड."

स्की आतून पोकळ असते. हालवरसारख्या आडदांड माणसाचा एक बूट पडला असता तर कडकन गेली असती. कुणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं, चढावर मोडली. गाउते तर तोंड फिरवून झाडांकडे बघतही होता. हालवरनं पाय उचलला. उचलला, आणि तो तसाच राहिला. खाली येईना आणि मागेही जाईना. पोरीचं सगळं वाटोळं आपण केलंय, आता निदान हे तरी कर, असं एक मन म्हणत होतं. आणि दुसरं म्हणत होतं, लबाडीनं मिळालेल्या सहाव्या नंबराचं ती काय करणार आहे? हे अजून किती वेळ चाललं असतं कोण जाणे. तिरिलनं त्याच्या पायाकडे बघितलंच नाही. ती चेहऱ्याकडे बघत होती.

"राहू दे," म्हणून तिनं स्की ओढून घेतली. काठीच्या टोकानं गोळा खरवडला आणि निघून गेली.

अजून सहा किलोमीटर बाकी होते.

इथं वाटेवर उभं असलेलं माणूस ओळखीचं असो नसो, पळणाऱ्याला "हेया! हेया!" म्हणून ओरडतंच, न ओरडणाऱ्याला लोक आजारी समजतात. दुसऱ्या फेरीत तिरिल आली तेव्हा हालवर ओरडलाच नाही. गाउते दोघांच्या वाटचं ओरडला. तिरिल थांबली नाही, बघितलंही नाही. हालवर नुसता उभा, दोन्ही हातांत दुसऱ्याच्या पोरीच्या स्की. त्याला वाटलं, हिनं शिवी द्यावी. थुंकावं तोंडावर. काहीतरी करावं.

बावन्न मुलींत ती अडतिसावी आली. पहिल्या सहाही शून्याच्या जोडीवर होत्या.

हालवर खाली आला तो एक वाक्य घोकत. चूक माझी आहे, मी ती जोडी घेऊ दिली नाही आणि मिळत होती तीही नाकारली. लोकांसमोर म्हणायचं, संघ निवडणाऱ्या बाईंसमोर म्हणायचं. तेवढ्यानं जागा परत मिळणार नव्हती, पण दुसरं त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं.

त्या बाई, सोलरून, तिरिलजवळ आधीच येऊन उभ्या होत्या. वर्षभर त्यांचा या पोरीवर डोळा होता. "अगं पोरी, काय केलंस हे? एवढी तयारी, आणि शून्याला मेणाची जोडी? कुणी निवडली?"

हालवरनं तोंड उघडलं.

"मी," तिरिल म्हणाली. "बाबा शून्याची घे म्हणत होता. मीच ऐकलं नाही."

"बापाचं ऐकावं गं कधीतरी!" सोलरूनबाईंनी सुस्कारा सोडला आणि हालवरच्या खांद्यावर थोपटलं. "तू वाईट वाटून घेऊ नकोस हालवर. तू तुझं काम केलंस."

आणि हालवरनं मान हलवली. एवढं घोकलेलं वाक्य, आणि या गड्यानं मान हलवली! बाजूला गाउते स्की पुसत होता. ज्या स्की पुसून झाल्या होत्या त्याच तो पुन्हा पुसायला लागला.

बाई गेल्यावर हालवर कसाबसा म्हणाला, "तिरिल, तू का म्हणून..."

"मग काय म्हणायचं होतं?" ती बूट सोडत होती, वर न बघता बोलली. "माझं झालं, बाबा. पुढच्या वर्षी मी ज्युनियर नाही. तुला अजून क्लबची तेरा पोरं आहेत. त्यांच्या आयांना कळलं असतं तर एकीनं तरी तुझ्या हातात स्की दिली असती का?"

"मला सांगायचं होतं त्यांना."

"सकाळी सांगायचं होतंस. मला."

हालवर मेणाच्या पेटीवर बसला आणि रडला. भर दुपारी, सगळ्या क्लबांच्या देखत, ओल्या बर्फात, आवाज करून रडला. येणारेजाणारे थबकत होते. बिचाऱ्याची मुलगी हरली, म्हणत होते.

तिरिल त्याच्या शेजारी उभी राहिली. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं तिच्या मनात आलं, दोनदा आलं. पण तिला ते जमलं नाही.