बिलोलीकरांचा ओटा

शनिवारी सकाळी साडेदहाला श्रीकांतने ओट्याच्या एका टोकाला टेप धरली आणि दुसरं टोक धरायला कोणी आहे का म्हणून मागं पाहिलं. मनकर्णा शेगडीवरच्या दुधाकडे बघत उभी राहिली. शेवटी टेप धरायला प्रज्ञेश आला.

"आई, जरा सरक ना."

"दूध उतू जाईल."

आच बारीक होती, दूध उतू जायच्या बेतात नव्हतं. प्रज्ञेशने आईला वळसा घालून टेपचं टोक भिंतीला टेकवलं. श्रीकांत मॉड्युलर किचनची कामं घ्यायचा. त्याने ओट्याची उंची मोजली, चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजली.

"प्लॅटफॉर्म बहुत ठिंगना है आंटी."

"मैं बी तो ठिंगनी हूं," मनकर्णा म्हणाली.

हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या या इमारतीचं बांधकाम चालू होतं तेव्हा तिच्या नवऱ्याने, निवृत्तीरावांनी, तिला उघड्या विटांच्या भिंतीशी उभं केलं होतं, कोपराच्या खाली पेन्सिलीने रेघ मारली होती आणि गवंड्याला सांगितलं होतं, इथपर्यंत. काळा कडप्पा, पांढऱ्या टाइल्स, भिंतीला स्टीलची मांडणी. टाइल्स आता साईच्या रंगाच्या झाल्या होत्या आणि सिंकजवळ कडप्प्याला एक चीर गेली होती.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. निवृत्तीराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. गुडघे गेल्या पावसाळ्यापासून धरले होते. डॉक्टरकडे जायचं असलं तरच ते खाली उतरायचे, तेही दोघांच्या खांद्यावर. सिकंदराबादेत प्रज्ञेशच्या घराजवळ लिफ्टवाला एक फ्लॅट त्यांनी बघून ठेवला होता. तिथला बिल्डर महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता, पुढे नाही. आणि हा फ्लॅट विकल्याशिवाय तो घेता येत नव्हता.

दोन पार्ट्या येऊन गेल्या. दोघांनीही स्वयंपाकघराच्या दारातूनच मान हलवली.

"लोक पहले किचनच बघतेत, आई," प्रज्ञेशचं म्हणणं होतं. "तोडून टाकू. ग्रॅनाइट, चिमणी, खाली ड्रॉवर. दहा-पंधरा दिवसांचं काम."

"जायचंच आहे तर दुसऱ्यासाठी कशाला तोडायचं? ज्याला पाहिजे तो तोडेल."

श्रीकांत मापं मोबाइलमध्ये टाकत होता तेवढ्यात भाग्यलक्ष्मीचा फोन आला. ती तळमजल्यावर राहायची आणि गल्लीतली घरं विकून द्यायची. चार वाजता नवी पार्टी आणते म्हणाली. किचनवाल्याला दोन दिवस थांबवा.

*

पार्टी म्हणजे निर्मला गारू, आपल्याकडे निर्मलाबाई म्हणावं तशा. पन्नाशीच्या, कॉलेजात गणित शिकवणाऱ्या, तीन मजले चढूनही दम न लागलेल्या. त्यांचे यजमान मागून मोबाइलवर बोलत आले. हॉलकडे दोघांनी नुसती नजर टाकली. हॉलच्या भिंती नव्याने रंगवलेल्या, कोऱ्या होत्या. रंग द्यायच्या आधी भाग्यलक्ष्मीनेच सांगितलं होतं, "फोटोआं सब निकाल दो अम्मा. दीवार खाली रही तो घर बड़ा दिखता." बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांचा फोटो आणि निवृत्तीरावांच्या आईवडिलांचा फोटो प्रज्ञेशने चादरीत गुंडाळून आपल्या घरी नेला होता. निवृत्तीराव तेव्हापासून रोज सकाळी त्या कोऱ्या भिंतीपुढे हात जोडून वंदना म्हणायचे. जागा तर तीच आहे, म्हणायचे.

स्वयंपाकघरात मात्र निर्मला गारू आत आल्या. त्यांनी ओट्यावर तळहात ठेवला, खिडकीकडे पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आग्नेय कोपरा. पूर्वेला तोंड करून स्वयंपाक. बघा." मग मनकर्णाकडे वळून तेलुगूत म्हणाल्या, "तुम्ही म्हणे हे सगळं नवीन करून देणार आहात. काही नको. मला अस्संच हवंय."

गेल्या महिनाभरात त्या स्वयंपाकघराला कोणी बरं म्हटलं नव्हतं. मनकर्णाने सिंकचा नळ कसा दोनदा फिरवावा लागतो ते दाखवलं. ओटा बुटका असला की पोळ्या लाटताना खांदे दुखत नाहीत, हेही सांगितलं. निर्मला गारूंनी मांडणीतलं एक ताट काढून पुन्हा जागेवर लावून पाहिलं. दोघी हसल्या. मनकर्णाने कॉफी केली आणि त्यांनी ती तिथेच उभ्याउभ्या घेतली.

"बिलोलीकर म्हणजे देशस्थच ना?" रिकामा पेला ठेवत त्या म्हणाल्या. "आमचं माहेर गौलीगुड्याला. गल्लीत दोन-तीन घरं होती असल्या आडनावांची. मी यांना खालीच म्हटलं, मनवाळ्ळे. आपलेच लोक. नाहीतर हल्ली कुणाच्या ओट्यावर काय काय शिजलेलं असतं. तिथं नैवेद्य करायला मन होत नाही."

मनकर्णाने ओट्यावरचं फडकं उचललं, घडी घातली, पुन्हा उलगडलं.

"पुराना फॅमिली है मॅडम," भाग्यलक्ष्मी मधेच म्हणाली. "दोनों बी गोरमेंट नौकरी."

मनकर्णाने पेला उचलून सिंकमध्ये ठेवला. सोमवार चांगला आहे, सोमवारी टोकनचे पैसे घेऊन येतो, असं सांगून नवराबायको उतरली. भाग्यलक्ष्मी दारात चपला घालत होती.

"तू क्या बोली उनको?"

"मैं कुछ बोली नै अम्मा, कसम से. उनोंच समझ लिए. अब मैं कायकू ना बोलूं?" तिने पायातली चप्पल नीट केली. "आप बी तो चुप थे ना."

*

"आपण खोटं कुठं बोललो?" रात्रीचं जेवण वाढता वाढता विषय निघाला तेव्हा प्रज्ञेश म्हणाला.

"खरं पण कुठं बोललो?"

"जात काय म्हणून सीधा विचारली का ती? नाही ना? मग तिच्या डोक्यात जे आहे ते तिचं प्रॉब्लेम."

"बरं. मग फोटो आण परत. सोमवारी त्यांच्याखाली बसूनच टोकन घेऊ."

प्रज्ञेशने वरणाची वाटी उगाच पुढे-मागे केली.

"नाहीतर ओटा तोडून टाक," मनकर्णा म्हणाली. "नवीन करू. मग कोणी घेवो."

"आता? आता पार्टी तेच मागायली तर?"

"सकाळी तूच माणूस आणला होतास ना तोडायला?"

"सकाळी पार्टी नव्हती! आई, महिना संपायला आला. पप्पांना किती दिवस वर कोंडून ठेवणार तू?"

"माझं नाव मधात घेऊ नको," निवृत्तीराव खुर्चीतून म्हणाले. मग त्यांना हसू आलं. "आग्नेय म्हणे. गवंड्याला खिडकीचा उजेड पाहिजे होता. आपल्याला आग्नेय फुकटात भेटलं."

जेवण झाल्यावर प्रज्ञेश निघून गेला. मनकर्णाने ओटा पुसला, रोजच्यासारखा, चिरेत साचलेलं पाणी बोटाने काढून.

*

रविवारी सकाळी ती न्हाणीतून बाहेर आली तर हॉलमधली खुर्ची रिकामी. दार उघडं, काठी जागेवर नाही. निवृत्तीराव खालच्या वळणावर पायरीवर बसलेले सापडले. काठी मांडीवर आडवी, सदऱ्याची पाठ भिजलेली.

"काय करायलात?"

"उतरायलो."

"कशाला?"

"जमतंय का बघायलो. बसून बसून अर्धा मजला झाला की."

"आणि चढायचं?"

"ते नंतर बघू."

मनकर्णा त्यांच्या वरच्या पायरीवर बसली. खालून कोणाच्या तरी कुकरची शिटी आली. निवृत्तीरावांनी कपाळ पुसलं.

"तिला सांगायचं तर सांग. नाही सांगायचं तर नको सांगू. मी काही म्हणणार नाही. पण माझ्या गुडघ्यांपायी गप्प बसले, असं म्हणू नको."

त्यांना वर आणायला शेजारच्या दोघांना बोलवावं लागलं.

अकराच्या सुमारास मनकर्णाने निर्मला गारूंना फोन लावला. तिने तिसेक वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. लोकांच्या लग्नाच्या, मयताच्या, बदलीच्या बातम्या तिने जोडून दिल्या होत्या. फोनवर आवाज कसा सपाट ठेवायचा ते तिला कोणी शिकवायला नको होतं.

"उद्या टोकन द्यायच्या आधी एक सांगायचं होतं," ती तेलुगूत म्हणाली. "आम्ही देशस्थ नाही. बौद्ध आहोत, बाबासाहेबांचे. त्या ओट्यावर दर रविवारी मटण शिजतं. काल मी तुमच्यासमोर बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं."

पलीकडे शांतता. लाइन तुटलेली शांतता वेगळी आणि माणूस गप्प झालेली वेगळी. दुसरीत घर ऐकू येत राहतं. निर्मला गारूंच्या घरात मिक्सर चालू होता. तो थांबला.

"अय्यो, त्यात काय एवढं!" त्या म्हणाल्या. "आम्ही असलं काही मानत नाही. माझ्या किती विद्यार्थिनी तुमच्यातल्या आहेत. इतक्या हुशार मुली. फ्लॅट आम्हाला मनापासून आवडलाय. ठरल्याप्रमाणे येतो आम्ही."

"बरं," मनकर्णा म्हणाली. तिने फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"फक्त तो ओटा तेवढा नवीन करून द्याल का? तुमचा माणूस माप घेऊन गेलाय, असं भाग्यलक्ष्मी म्हणत होत्या. ग्रॅनाइट चालेल. कुठल्याही रंगाचं, माझा काही हट्ट नाही. टाइल्सही बदलून घ्या. आणि सिंक. तेवढं कबूल करा, की आम्ही टोकन घेऊन निघालोच."

"कळवते."

"सावकाश कळवा. घाई नाही."

निवृत्तीराव पलंगावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते.

"काय म्हणाल्या?"

"घेतो म्हणाल्या."

"मग?"

"ओटा नवीन करून पाहिजे म्हणायल्या."

त्यांचा हात थांबला. "काल तर..."

"हो," मनकर्णा म्हणाली.

प्रज्ञेशला फोनवर सांगितलं तर तो खूश झाला. झालं मग, म्हणाला, मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो. मंगळवारी सकाळी श्रीकांतला हातोडा घेऊन पाठवतो. मनकर्णा त्याला म्हणाली, थांब.

सोमवारी दुपारपर्यंत टोकन आलेलं नव्हतं. भाग्यलक्ष्मी दोनदा वर येऊन गेली. मॅडम जवाबासाठी थांबल्यात, म्हणाली. श्रीकांत मंगळवारी यायला तयार आहे. मनकर्णाने अजून कोणालाच काही कळवलेलं नाही.